सुभाना भोयाच्या खांद्याची बखर

श्री. ज्या शेषाने आपले मस्तकी पृथ्वी धरिली, आणि धरिली ती अद्याप खाली ठेविली नाही, ज्यास पाळी नाही, विसावा नाही, बदली मनुष्य नाही, कारण पाताळी तो एकटाच आणि एकट्याचा मेळ होत नाही, त्या शेषास आणि त्याचे दुखऱ्या मानेस प्रथम नमन असो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, चैत्र वद्य पक्षी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिल्याने त्या राज्यास राग येतो आणि न लिहिल्याने सर्व राज्यांस ते आपलेच वाटते. धनी थोर, प्रजा गरीब, रस्ते जैसे असतात तैसे.

त्या राज्यात सरकारचा पालखीखाना होता आणि पालखीखान्यात भोई होते आणि भोयांचा एक मेळ होता. मेळ म्हणजे काय, तर प्रत्येक भोयाने सणासुदीस थोडकी पट्टी द्यावी, मग कोणाचा पाय मुरगळला तर त्याची पाळी दुसऱ्याने करावी, कोणाची बायको बाळंत होत असली तर त्यास दूरच्या स्वारीवर धाडू नये, आणि सरकारदरबारी काही बोलणे पडल्यास मेळाचे नाइकाने पुढे होऊन बोलावे, म्हणजे जो राग यावयाचा तो एकट्या नाइकावर यावा. भोई मेळास वर्षभर शिव्या देत आणि संकट पडले की अनवाणी धावत येत. त्या वेळी म्हाळू म्हणोन नाईक होता. त्यास कोणी निवडिले नव्हते ऐसे नाही. रीतीने निवडिले होते, परंतु निवडतेवेळी तो पाणी आणावयास गेला होता. स्वभावे भिडस्त, मनाचा हळवा, आणि रात्रंदिवस चिंतेत. दाराशी कोणी 'नाईक' म्हणोन हाक मारिली की तो आधी मागल्या दाराकडे पाही, कारण शुभ वर्तमान घेऊन त्याचे दारी आजवर कोणी आले नव्हते.

आता भोयांची एक चाल सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थ तीवर उभा आहे. पालखीच्या दांड्यास पुढे दोघे आणि मागे दोघे. पुढल्यास रस्ता दिसतो. मागल्यास पालखीचे ढुंगण दिसते, दुसरे काही दिसत नाही. म्हणोन पुढला बोलत जातो, 'दगड', 'पाणी', 'उतार', आणि मागला हुंकार देतो. खांदा भरून आला की पुढला 'पालट' म्हणतो, मागला 'हो' म्हणतो, आणि तो 'हो' कानी पडल्यावाचून पुढला आपला खांदा काढीत नाही. ही चाल त्यांचे आजेपणजे चालवीत आले. परंतु दिवाणसाहेबांची मर्जी त्या साली या बोलण्यावर खपा जाहली. त्यांचे म्हणणे ऐसे पडले की, रस्त्यांचा कारभार आम्हांकडे, आणि आमचेच पालखीपुढे आमचेच चाकर भरबाजारात 'खड्डा, खड्डा' म्हणोन ओरडतात, रयत ऐकते आणि हसते, ही सरकारची उघड बदनामी आहे. मग खड्डे बुजवावे की बोलणे बुजवावे याचा विचार होऊन, बोलणे बुजविणे कमी खर्चाचे दिसले, आणि मौनाचा हुकूम सादर जाहला की भोयांनी तोंडातून अक्षर काढू नये.

या हुकुमावर मेळाची संमती घ्यावयास पालखीखान्याचे कारखाननीस विसाजीपंत यांनी म्हाळू नाइकास बोलाविले. विसाजीपंत कधी आवाज चढवीत नसत. नेहमी गोड बोलत, इतके की त्यांचे बोलणे ऐकून घरी गेलेला मनुष्य घरी गेल्यावर घाबरे. ते म्हणाले, मौन पाळा, त्याबदल्यात काय हवे ते मागा. आणि मेळास एक गोष्ट फार दिवसांची हवी होती. मागले वैशाखात नागू भोई भर दुपारी पालखी उचलून चालता चालता रक्त ओकून पडला आणि मेला, आणि पालखी मात्र पडू दिली नाही म्हणोन त्याची तारीफ जाहली. तेव्हापासून मेळाचे मागणे होते की चैत्र-वैशाखी दुपारी भोयांस सावलीत विसावा असावा. म्हाळूने ते मागितले, पंतांनी ते दिले, म्हाळूने मौनाच्या हुकुमावर अंगठा उठविला, आणि मेळात गूळ वाटला गेला. सर्व म्हणाले, नाइकाने बाजी मारिली. म्हाळूस त्या दिवशीही गूळ गोड लागला नाही. त्यास वाटले, इतके सहज मिळाले त्या अर्थी काहीतरी जास्त दिले आहे, पण काय ते त्याचे ध्यानी येईना.

ते लवकरच आले. धनीसाहेबांच्या कन्येचे लग्न ठरले होते आणि दिवाणसाहेब मांडवाची पाहणी करावयास निघाले. पुढे सुभाना भोई आणि मागे गोंदाजी भोई, बाकी दोघे जोडीस. सुभाना हा जुना, भरवशाचा, ज्याचे चालीत पाण्याचा पेला ठेविला तर हिंदकळणार नाही ऐसा. भाजीबाजाराच्या उतारावर पालखी आली, सर्व मुकाट, आणि सुभानाचा खांदा भरून आला, आणि मग त्याने खांदा पालटला. मागे गोंदाजीस काहीच ठाऊक नाही, तो आपले चालीत चालला. दांडा एका अंगास गेला, गोंदाजी गुडघ्यावर आला, आणि दिवाणसाहेब पालखीतून निघोन एका बाईच्या वांग्यांच्या राशीवर विराजमान जाहले. बाजार क्षणभर स्तब्ध राहिला. मग ती बाई म्हणाली की बसायचं तर बसा पण निवडून घ्या, आणि मग बाजार स्तब्ध राहिला नाही. साहेबांचे उजवे मनगट दुखावते जाहले, ज्या हाताने ते हुकुमांवर शिक्के करीत तेच. सबब राज्याचा कारभार काही दिवस बंद पडला. त्या दिवसांत रयतेस काही त्रास जाहल्याचे आढळत नाही.

त्याच सायंकाळी हुकूम निघाला की सुभाना भोयाची चौकशी करून त्याचे खांद्यास डाग द्यावा. सरकारी घोड्यास डागतात तैसाच लोखंडाचा डाग, परंतु अर्थ उलटा. डागलेला घोडा सरकारचा आणि डागलेला भोई कोणाचाच नाही. त्या खांद्यावर कोणी सावकार पालखी देत नाही, कोणी गावकरी मोट देत नाही, आणि कोणाचे घरचे प्रेत निघाले तर तिरडीसही त्यास हात लावू देत नाहीत. हे वर्तमान घेऊन सुभाना आपली बायको ठकूबाई हिजसह म्हाळूचे दारी आला आणि त्याने 'नाईक' म्हणोन हाक मारिली.

म्हाळूने त्यास आत घेतले, पाणी दिले, आणि धीर द्यावा म्हणोन म्हणाला की काही भिऊ नको, मौनाच्या हुकुमापायी हे घडले, तुझी चूक नाही. सुभाना पाण्याचे भांडे तसेच धरून बसला.

"चूक माझीच हाय, नाईक," तो म्हणाला. "म्या मनातल्या मनात 'पालट' म्हणालो. आन् मनातल्या मनात 'हो' ऐकलं. जन्मभर त्यो हुंकार ऐकत आलोय, माझ्या कानानंच दिला. गोंदाजीनं काय बी केलं न्हाई."

हे ऐकून म्हाळूची पंचाईत जाहली. त्याने मनी जी तजवीज योजिली होती ती सुभाना निर्दोष आहे या खांबावर होती. मग त्याचे मनात आले की, निर्दोष मनुष्यास देवही सोडवितो, त्यास मेळ कशास पाहिजे. मेळ पाहिजे तो चुकलेल्यासच. विचार चांगला होता, पण त्याने नवी तजवीज सुचली नाही. तो सवयीने म्हणाला, "बघू."

ठकूबाई इतका वेळ उंबऱ्याशी बसली होती ती बोलली. "नाईक, तुम्ही गूळ वाटला तवा म्या बी खाल्ला, न्हाई म्हणत न्हाई. पर बघू म्हणू नका. मेळाचा बघू म्या लई बघितलाय. माझा बाप बघू ऐकत ऐकत गेला. काय करणार ते सांगा, न्हाईतर काय करणार न्हाई ते तरी सांगा."

म्हाळूने सांगितले की चौकशीत तो जवळ उभा राहील. ठकूबाईने विचारले, उभे राहून काय कराल. म्हाळू म्हणाला, खाकरेन. आणि हे त्याने थट्टेने सांगितले नव्हते. मागले कारकीर्दीत मोठा झगडा होऊन मेळाने हक्क मिळविला होता की कोणा भोयाची चौकशी चालता त्याचे बाजूस मेळाचा एक मनुष्य सोबती म्हणोन उभा राहावा. सरकारने तो दिला, मात्र कलम घातले की सोबत्याने बोलू नये. मग पुन्हा झगडा, आणि तडजोड ऐसी ठरली की बोलू नये, खाकरावे. तेव्हापासून मेळाची रीत होती, सोबती खाकरला की भोयाने गप्प राहावे, दोनदा खाकरला की 'स्मरत नाही' म्हणावे. याउपर कायदा त्या राज्यात नव्हता.

चौकशी विसाजीपंतांचे पुढे उभी राहिली. पंतांनी गोड शब्दांत विचारिले, सुभाना, तू आजवर कितीक स्वाऱ्या सुखरूप नेल्यास, खरे ना? हा सवाल भल्याचा होता आणि त्यास 'होय' म्हणणे भाग होते. परंतु म्हाळूचा घसा भीतीने कोरडा पडला होता आणि त्यास खरीच ढास लागली. सुभाना गप्प जाहला. पंतांनी पुन्हा विचारिले, तू इमानी चाकर आहेस ना? म्हाळू ढास आवरू गेला तो ती दुणावली, आणि सुभाना खाली मान घालून म्हणाला, स्मरत नाही. पंतांनी हे सर्व लिहवून घेतले. मग त्यांनी बैठक उद्यावर टाकिली आणि म्हाळूस आपले खोलीत नेले, वाळ्याचे सरबत दिले, आणि मूळ गोष्ट काढिली.

ते म्हणाले, "म्हाळोबा, तुम्ही उद्या मौनाच्या हुकुमास दोष देणार, हे आम्ही जाणतो. खुशाल द्या. पण हुकुमावर अंगठा तुमचा आहे. हुकूम वाईट ठरला तर करार मोडला, आणि करार मोडला तर दुपारचा विसावाही मोडला. त्यापेक्षा दोष देऊ नका. सुभानाचे जे व्हावयाचे ते होईल, आणि वैशाखात तुमची माणसे सावलीस बसतील. एकाचा खांदा आणि सर्वांची दुपार. तोलून पाहा. तोलणे तर तुमचाच धंदा."

म्हाळू सरबत न पिताच उठला. वाटेत त्यास पक्के दिसू लागले की आपण जे करू ते वाईट. सुभानास वाऱ्यावर सोडिले तर उद्या ज्याचेवर वेळ येईल तो म्हणेल, माझेही खांद्याचे असेच वजन होईल. आणि दुपार सोडिली तर वैशाखात कोणी दुसरा नागू पडेल, आणि त्याची बायको म्हाळूचे दारी येऊन काही बोलणार नाही, नुसती उभी राहील. हे त्याने आपले मनी इतके वेळा पाहिले की घरी पोचता पोचता ती बाई त्यास ओळखीची वाटू लागली. मग त्याने ठरविले की ज्याचा भार त्यानेच उचलावा, आणि सर्व मेळास पालखीखान्यामागील चिंचेखाली जमविले.

सर्व जमले आणि म्हाळूने काही न लपविता सांगितले, अंगठ्याचे सांगितले, पंतांचे बोलणे सांगितले, आणि सुभानाचे परवानगीने हेही सांगितले की तो खरोखर चुकला. मग जे व्हावयाचे ते जाहले. कोणी म्हणाला की नाइकाने अंगठा दिलाच कसा, तेव्हा दुसऱ्याने विचारिले की तू गूळ खाताना का नाही पुसलास. कोणी म्हणाला मेळ विकला गेला, कोणी म्हणाला मेळास विकत घेतो कोण. नागूचा धाकटा भाऊ त्यात होता, तो काहीच बोलला नाही, आणि त्याचे न बोलण्याकडे पाहून पुष्कळांचे बोलणे अर्ध्यात राहिले. मग गोंदाजी उठला. गुडघ्यास हळदीचा लेप, आणि मेळास नावे ठेवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"मागला म्या होतो," तो म्हणाला. "माझा गुडघा फुटला, त्याचं कोण बोलंना. म्या हुंकार दिला न्हाई, तरी ह्यानं ऐकला. आता ह्याच्या कानापायी म्या वैशाखात उन्हात मरू? सुभाना, तुझ्याशी माझं वाकडं न्हाई. पर मला सांग, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

सुभाना खांद्यावरचे फडके चाचपीत राहिला. मेळात मत देण्याची चाल ऐसी की प्रत्येकाने खांद्यावरील फडके काढून एका अंगास वा दुसऱ्या अंगास टाकावे. म्हाळूने चिंचेच्या एका मुळाशी खांदा म्हटले, दुसऱ्या मुळाशी दुपार म्हटले, आणि मग तो तिसरीकडे पाहू लागला. गोंदाजीने आपले फडके दुपारीकडे टाकिले. त्यामागे पुष्कळांनी टाकिले, आणि टाकिताना कोणी कोणाकडे पाहात नव्हते. मग सुभाना उठला, हळू चालत गेला, आणि त्याने आपले फडके दुपारीकडे टाकिले आणि जागी येऊन बसला.

हे कोणास अपेक्षित नव्हते. मग नागूचा भाऊ उठला, दुपारीच्या ढिगातून त्याने सुभानाचे फडके शोधून काढिले, झटकिले, आणि आपल्या फडक्यासकट ते दुसऱ्या मुळाशी ठेविले. "ह्याचं मत धरायचं न्हाई," तो म्हणाला, "ह्यो चुकतोय, ते ह्यानंच सांगितलंय." त्याउपरि आणखी काही उठले, ढिगातून आपापली फडकी उपसू लागले, त्यात कोणाचे कोणते ते कळेना, एकाचे दुसऱ्याने उचलिले म्हणोन बाचाबाची जाहली, आणि अखेर खांद्याकडील ढीग मोठा दिसू लागला. तो माणसांनी मोठा होता की फडकी जाड होती, हे नीट पाहावे ऐसे कोणी म्हटले नाही. गोंदाजीनेही म्हटले नाही. तो इतकेच पुटपुटला की नाईक पाणी आणायला गेला तवाच म्या म्हणालो होतो, ह्याला निवडू नका.

दुसरे दिवशी सर्व मेळ सदरेबाहेर अंगणात उभा राहिला आणि आत दिवाणसाहेब स्वतः येऊन बसले, मनगट रेशमी झोळीत घातलेले. म्हाळूने सकाळपासून भाषण घोकिले होते ते सदरेची पायरी चढता चढता विसरले. तो सुभानाचे बाजूस उभा राहिला, खाकरला, आणि मग बोलू लागला. विसाजीपंतांनी हळूच स्मरण दिले की सोबत्यास बोलण्याचा हक्क नाही.

"ठाऊक हाय, पंत," म्हाळू म्हणाला. "हक्क न्हाई म्हणूनच हळू बोलतोय. सुभाना चुकला. त्यानं खांदा पालटला, त्याला 'हो' आला नव्हता. पर 'हो' म्हणायची बंदी होती, आन् त्या बंदीला अंगठा माझा. माझा म्हणजे मेळाचा. एका खांद्यानं पालखी चालत न्हाई, साहेब, तवा चूक बी एका खांद्याची धरू नका. आम्ही आमचा अंगठा मागं घेतो. दुपार तुमची तुम्हांला. आम्हांला आमचं बोलणं द्या, आन् ह्या माणसाचा खांदा सोडा."

इतक्यावर त्याचे शब्द सरले, परंतु उभे राहण्याचा हक्क होता, सबब तो उभा राहिला. दिवाणसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, म्हणजे चूक सर्व मेळाची, ऐसे मेळच म्हणतो? म्हाळू म्हणाला, जी. खांदा एकट्याचा नाही, सर्वांचा? म्हाळू म्हणाला, जी. साहेब फार संतुष्ट दिसले. "तर मग डागही सर्वांस द्या," असे म्हणोन ते भोजनास उठून गेले.

म्हाळू अंगणात आला आणि त्याने मेळास हे सांगितले. एक खांदा वाचवावयास गेलेल्या मनुष्याने पालखीखान्यातील सर्व खांदे शेकावयास लाविले. मेळाच्या आजवरच्या हयातीत एवढी मजल एका सकाळी कोणी मारिली नव्हती. म्हाळूस वाटले की आता हे मला येथेच तुडवितील, आणि तुडविले तर बरे, निदान पुढले पाहावे लागणार नाही. भट्टी आणविली, लोखंड निखाऱ्यांत घातले, आणि भोयांस अंगरखे काढून रांगेने उभे राहण्याचा हुकूम जाहला. तेव्हा कित्येकांचे पोटात दुखू लागले आणि ते कुंपणाकडे गेले ते परत आले नाहीत. त्यांची नावे येथे लिहीत नाही, कारण तेही पट्टी भरीत होते. बाकीचे राहिले. पुढे म्हाळू, त्यामागे सुभाना, त्यामागे नागूचा भाऊ, आणि अगदी शेवटी गोंदाजी, मोठ्याने बोलत की पट्टी भरतो ती काय ह्यासाठी, मेळाच्या बोलीत हे कुठं होतं. कोणी त्यास म्हणाला, मग जा की कुंपणाकडं. गोंदाजी म्हणाला, "गुडघा दुखतोय. तेवढं चालवत न्हाई."

रांग लागली आणि विसाजीपंत लोखंड लाल होण्याची वाट पाहात उभे राहिले. म्हाळूने डोळे मिटून घेतले. त्यास निखाऱ्यांचा तडतड आवाज येत होता आणि मागे सुभानाचा श्वास येत होता. इतक्यात राणीवशाकडून चिमा नावाची दासी लगबगीने आली आणि तिने पंतांस विचारिले की कन्यासाहेबांस ग्रहमखाअगोदर देवीचे दर्शनास जावयाचे, पालख्या सजल्या, मुहूर्त टळतो आहे, भोई कोठे आहेत.

पंत म्हणाले, "भोई डागण्यात आहेत."

चिमा म्हणाली, "बरं. डागून झाले की लगेच धाडता ना? का उद्यापर्यंत वाळतील, असं सांगू बाईसाहेबांना?"

विसाजीपंतांनी रांगेकडे पाहिले. लग्न चार दिवसांचे, व्याही परराज्यातून येणार, प्रत्येकास पालखी, आणि भाजला खांदा महिनाभर दांड्यास लागत नाही, हा सर्व विचार त्यांचे मुद्रेवर एकामागून एक येताना दिसला. राज्यात कोणी पालखी उचलू नये, ऐसे म्हणण्याची छाती मेळास कधी जाहली नव्हती. ते काम सरकारांनी आपलेच हुकुमाने करून दिले होते आणि त्याकरिता भट्टीही आपलीच लाविली होती. पंत दिवाणसाहेबांकडे गेले. साहेब ताटावर होते, डाव्या हाताने जेवीत होते. आत काय बोलणे जाहले ते कोणी ऐकिले नाही, परंतु पंत परत आले तेव्हा पूर्वीपेक्षाही गोड बोलू लागले. त्यांनी हुकूम वाचिला. डाग देणे रद्द नव्हे, तहकूब. करार मोडला, सबब दुपारचा विसावा आजपासून बंद. भोयांनी बोलावे, मात्र हलक्या आवाजात, आणि 'खड्डा' न म्हणता 'जपून' म्हणावे.

म्हाळूने पुन्हा पुन्हा विचारिले की तहकूब म्हणजे कधीपर्यंत. पंत हसून म्हणाले, ते तुमच्या वागणुकीवर. अंगणात भोई अंगरखे घालू लागले. आनंद करावा की काय ते कोणास कळेना. गोंदाजीने हिशेब मांडिला की काल दुपार होती, बोलणे नव्हते, आणि डाग एकास होता. आज दुपार नाही, बोलणे अर्धे, आणि डाग सर्वांचे डोक्यावर टांगलेला. तर नाईक, मेळाने मिळविले काय. म्हाळूने सुभानाकडे पाहिले. सुभाना अंगरख्याच्या बाहीत हात घालीत होता आणि हातास बाही सापडत नव्हती. नागूच्या भावाने ती बाही धरिली.

"ह्यो खांदा," म्हाळू म्हणाला. "बाकी काय न्हाई."

मग मुहूर्त टळत होता म्हणोन सर्व धावतच पालख्यांकडे गेले. कन्यासाहेबांची पालखी भारी, चांदीच्या दांड्याची. सुभानाने मागल्या जागेवर जाऊ म्हटले. म्हाळूने त्यास पुढेच लाविले, कारण आज मागे लाविला तर तो पुन्हा कधी पुढे येणार नाही हे त्यास ठाऊक होते, आणि पुढे लाविला तर काय होईल हे ठाऊक नव्हते. पुढे सुभानाचे जोडीस नागूचा भाऊ. मागे म्हाळू, आणि त्याचे जोडीस, दुसरा कोणी उरला नाही म्हणोन, गोंदाजी. सूर्य माथ्यावर आला होता. पालखी उचलिली, वेशीपर्यंत गेली, आणि देवीच्या चढणीस लागली. सुभानाच्या मानेवरून घाम गळत होता. खांदा भरून आला आहे हे पालखीच्या हेलकाव्यावरून मागे कळत होते, पण तो बोलेना. म्हाळूस दिसत काही नव्हते, पालखीची पाठ आणि झालर, आणि त्यापलीकडे एक मनुष्य होता जो भीतीने खांदा पालटीत नव्हता आणि तसाच गुडघ्यावर येणार होता. म्हाळूने तोंड उघडिले आणि मिटिले. पुढल्याने म्हणावयाचे ते मागल्यास म्हणता येत नाही.

"पालट," सुभाना म्हणाला. आवाज इतका बारीक की आज्ञेप्रमाणेच होता.

"हो," म्हाळू म्हणाला. आणि सुभानाचा खांदा हालला नाही. तो थांबला होता. त्याचा स्वतःच्या कानावर विश्वास उरला नव्हता.

तेव्हा गोंदाजी, ज्याचा गुडघा फुटला होता, ज्याचे फडके दुपारीकडे पडले होते आणि जो सकाळपासून सर्वांस शिव्या देत होता, तो असा ओरडला की चढणीवरच्या धर्मशाळेतील कबुतरे उडाली. "हो रे भाड्या, हो! म्याच म्हणतोय, तुझा कान न्हवं! पालट!" आत कन्यासाहेब दचकल्या आणि मग हसल्या ऐसे चिमा सांगत असे. सुभानाने खांदा पालटला. पालखी हिंदकळली नाही.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. त्या वैशाखात दोघे भोई उन्हाने पडले, त्यातील एक उठला. दुपारीचे मागणे मेळाने पुन्हा केले आहे आणि पंत त्यावर विचार करीत आहेत. गोंदाजी पट्टी कमी करावी म्हणोन दर सणास बोलतो आणि भरतो. सुभाना पुढे चालतो. त्याचे खांद्यावर दांड्याच्या घट्ट्याशिवाय दुसरी खूण नाही. डागाचा हुकूम दप्तरी तहकूब आहे, रद्द कोणी केला नाही, आणि करा म्हणावयास जावे तर तो हुकूम आहे हे सरकारास आठवेल, म्हणोन म्हाळू नाईक जात नाही. नवा दिवाण येणार ऐसी बातमी आहे. तो जुनी दप्तरे वाचणारा आहे म्हणतात. मेळाने चिंचेखाली बैठक बोलाविली आहे.